दोन सराव सामने खेळला आणि कॉलेजचं दार बंद झालं : आइस हॉकीत 'कॉलेज की ज्युनियर' हा वाद नेमका काय आहे?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला एक मुलगा. वय १६. तिथल्या एका ज्युनियर आइस हॉकी टीमने त्याला सराव शिबिराला बोलावलं. त्यात तो दोन सामने खेळला. हे स्पर्धेचे सामने नव्हते, सीझन सुरू होण्याआधीचे मैत्रीपूर्ण सामने होते. पगार नाही, करार नाही, पॉईंट टेबलमध्ये नोंदही नाही.

पण त्या दोन सामन्यांमुळे अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या कॉलेजकडून हॉकी खेळायचा त्याचा हक्क गेला. कारण नियमाप्रमाणे तो आता 'व्यावसायिक खेळाडू' ठरला होता.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, त्याच्या नावाने अमेरिकेच्या कोर्टात दावा दाखल झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कित्येक दशकं चालत आलेला नियमच बदलला. त्या बदलाने उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी सध्या ढवळून निघाली आहे.

हा नियम काय होता? कॉलेज हॉकी आणि ज्युनियर हॉकी यात फरक काय? आणि चांगला खेळाडू नेमका कुठे घडतो? सगळं नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट क्लिअर करू

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि हिरवं टर्फ डोळ्यांसमोर येतं. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र नुसतं 'हॉकी' म्हटलं की ती बर्फावरची. पायात स्केट, हातात काठी आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. तिला पक म्हणतात. एका वेळी प्रत्येक टीमचे सहा जण बर्फावर, त्यात एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग.

या खेळाचं शिखर म्हणजे एनएचएल, म्हणजेच नॅशनल हॉकी लीग. क्रिकेटमध्ये पोराला आयपीएलचं स्वप्न पडतं तसं तिथल्या पोराला एनएचएलचं पडतं. १८ वर्षांच्या आसपासच्या पोरांचा दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. त्यात टीम आळीपाळीने खेळाडू निवडतात. आपल्या आयपीएलसारखी बोली लागत नाही, ज्या टीमचा नंबर आला ती तिला हवा तो पोरगा निवडते.

आता एनएचएलपर्यंत पोहोचायचं कसं? उत्तर अमेरिकेतल्या मुलांसाठी दोन मोठे रस्ते आहेत. एक ज्युनियर लीगचा, दुसरा कॉलेजचा.

रस्ता पहिला : ज्युनियर लीग

कॅनेडियन हॉकी लीग म्हणजेच सीएचएल ही तीन लीगची मिळून बनलेली संस्था आहे. ऑन्टारिओ हॉकी लीग, वेस्टर्न हॉकी लीग आणि क्युबेकची लीग. तिन्ही मिळून साधारण ६० टीम. बहुतेक कॅनडात, काही अमेरिकेतही.

इथे खेळाडूंचं वय साधारण १६ ते २०. म्हणजे आपल्याकडे पोरगा दहावीचा निकाल घेऊन अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभा असतो, त्या वयात तिथला पोरगा घर सोडून दुसऱ्या शहरात खेळायला गेलेला असतो. राहतो कुठे? तर त्या शहरातल्या एखाद्या कुटुंबाच्या घरी. टीमच अशी घरं शोधते. ते कुटुंब पोराला जेवूखाऊ घालतं, शाळेत जातो की नाही ते बघतं, आजारी पडला तर डॉक्टरकडे नेतं. ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालत आली आहे.

आणि टीम निवडायची मुभा? तशी नसतेच. या लीगचेही स्वतःचे ड्राफ्ट असतात आणि ते १४-१५ वर्षांच्या मुलांचे असतात. ज्या टीमने निवडलं तिकडे जायचं. नाही म्हणणारेही झालेत. १९८९ मध्ये एरिक लिंड्रोस नावाच्या पोराने त्याला निवडणाऱ्या सू सेंट मरी टीमकडे जायला सरळ नकार दिला. शेवटी त्याला ओशावाच्या टीमकडे पाठवावं लागलं. पण तो लिंड्रोस होता, पुढे एनएचएल गाजवणारा. सगळ्यांना असा हट्ट परवडत नाही.

सामने किती? ऑन्टारिओ आणि वेस्टर्न लीगमध्ये नियमित सीझनला एकेका टीमचे ६८. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत, मग बाद फेऱ्या. कधी तीन दिवसांत तीन सामने. वेस्टर्न लीगच्या टीम कॅनडाचे चार प्रांत आणि अमेरिकेची दोन राज्यं इतक्या प्रदेशात पसरल्या आहेत. त्यामुळे रात्र-रात्र बसचा प्रवास ठरलेलाच. शेवटी तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान टीम मिळून मेमोरियल कप खेळतात. १९१९ पासून चालत आलेली ही स्पर्धा २०२५ मध्ये लंडन नाइट्सने जिंकली. हे लंडन इंग्लंडमधलं नाही, ऑन्टारिओमधलं.

थोडक्यात, ज्युनियर लीग म्हणजे कमी वयात चालणारी एनएचएलची रंगीत तालीम.

रस्ता दुसरा : कॉलेज

अमेरिकेत कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सर्वात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, पुरुषांच्या हॉकीच्या साठच्या वर टीम आहेत. मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, बोस्टन युनिव्हर्सिटी, बोस्टन कॉलेज ही त्यातली मोठी नावं. हार्वर्ड आणि येलसुद्धा यात आहेत.

इथे वय साधारण १८ ते २४. इथलं वेळापत्रकही वेगळं असतं. नियमित सामने साधारण ३४, म्हणजे ज्युनियरच्या निम्मे. तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. सोमवार ते गुरुवार सराव, जिम आणि अर्थातच लेक्चर.

पण कॉलेजला जायचं तर १८ वर्षं होईपर्यंत करायचं काय? त्यासाठी अमेरिकेत यूएसएचएल ही ज्युनियर लीग आहे आणि कॅनडात प्रांतांच्या दुय्यम ज्युनियर लीग आहेत. तिथे खेळलं तर कॉलेजचा हक्क शाबूत राहायचा. शिवाय अमेरिकेने १९९६ मध्ये आपल्या उत्तम पोरांसाठी मिशिगन राज्यात एक राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही सुरू केलं.

इथली सर्वात मोठी सोय म्हणजे पोरगा स्वतः कॉलेज निवडतो. प्रशिक्षक कोण, कोर्स कुठला, शहर कसं हे बघून. जॉनथन टोएव्सला २००३ मध्ये वेस्टर्न लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं होतं. तरी त्याने तो रस्ता नाकारून नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटी गाठली. पुढे त्याच्या कप्तानीत शिकागो ब्लॅकहॉक्सने तीनदा स्टॅन्ली कप जिंकला.

मग मध्ये भिंत कशाची होती?

एनसीएएचं म्हणणं होतं, आमचे खेळाडू हौशी आहेत. आणि सीएचएल ही व्यावसायिक लीग आहे.

का? दोन कारणं. एक, सीएचएलच्या पोरांना खर्चासाठी महिन्याला काहीशे डॉलर मिळतात. दोन, या लीगमधल्या काही पोरांनी आधीच एनएचएल टीमशी करार केलेला असतो. त्यामुळे जो त्यांच्यासोबत खेळला तोही व्यावसायिक. मग त्याला स्वतःला एक डॉलर मिळो न मिळो.

गंमत अशी की याच सीएचएलच्या पोरांनी 'आम्हाला किमान वेतन तरी द्या' म्हणून २०१४ मध्ये कॅनडात कोर्टात धाव घेतली होती. तेव्हा लीगचं म्हणणं होतं की हे नोकर नाहीत, हौशी विद्यार्थी-खेळाडू आहेत. म्हणजे कॉलेजच्या लेखी व्यावसायिक आणि लीगच्या लेखी हौशी! पोरगा एकच. ते प्रकरण २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरच्या तडजोडीपर्यंत आलं.

या भिंतीमुळे १५-१६ वर्षांच्या पोराला आणि त्याच्या आईवडिलांना एक न फिरवता येणारा निर्णय घ्यावा लागायचा. ज्युनियरला हो म्हटलं तर अमेरिकन कॉलेज कायमचं गेलं. कॉलेजची वाट बघायची ठरवली तर सर्वात तगड्या ज्युनियर लीगवर पाणी सोडायचं. दहावीच्या मुलाला 'सायन्स की कॉमर्स' विचारून नंतर कधीच बदलू न देण्यासारखा हा प्रकार होता.

बर्फावर फरक काय पडतो?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. खेळाडू कुठे जास्त चांगला तयार होतो?

ज्युनियरच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सामने खेळूनच खेळाडू घडतो. ६८ सामने, प्रवास, दुखणीखुपणी सांभाळत खेळणं, हरल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा उभं राहणं. एनएचएलमध्ये सीझनला ८२ सामने असतात. त्याची सवय इथेच लागते. शिवाय १७ वर्षांच्या गुणी पोराला इथे भरपूर वेळ बर्फावर मिळतो आणि तो टीमचा मुख्य खेळाडू होतो.

कॉलेजच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सामन्यात पक तुमच्या काठीवर येतो तरी किती सेकंद? कौशल्य सरावात वाढतं. आठवड्याचे चार दिवस सराव आणि जिम मिळाली तर शरीर भरतं, चुका दुरुस्त करता येतात. आणि समोर कोण असतं? २२-२३ वर्षांचे दणकट गडी. १८ वर्षांच्या पोराने त्यांच्यासमोर जागा मिळवली तर तो एनएचएलच्या धक्काबुक्कीला लवकर तयार होतो.

दोन्ही बाजूंना उणिवाही आहेत. ज्युनियरमध्ये १९ वर्षांचा चांगला खेळाडू समोरच्या १६-१७ वर्षांच्या पोरांना सहज चुकवून गोल करतो. त्यातून वाईट सवयी लागतात. कॉलेजात उलटं होऊ शकतं. नवखा पोरगा मोठ्यांच्या मागे बाकावर बसून राहतो आणि सामने मुळात कमी.

इथे आणखी एक तांत्रिक पेच आहे. सीएचएलमधून निवडलेला पोरगा साधारण २० वर्षांचा होईपर्यंत एनएचएलच्या खालोखाल असलेल्या एएचएलमध्ये पाठवता येत नाही, असा लीगमधला करार आहे. म्हणजे १९ वर्षांचा पोरगा ज्युनियरसाठी फार मोठा झाला आणि एनएचएलसाठी अजून कच्चा असेल, तर मधली पायरीच नाही. एक तर एनएचएलमध्ये ठेवा, नाही तर परत ज्युनियरला पाठवा. कॉलेजच्या पोरांना हा अडथळा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२०१५ चा ड्राफ्ट : एकाच दिवशी दोन्ही रस्ते

हा वाद समजायला २०१५ इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पहिल्या क्रमांकावर निवडला गेला कॉनर मॅकडेव्हिड. ऑन्टारिओ लीगच्या ईरी ऑटर्सचा. त्या सीझनला त्याने ४७ सामन्यांत १२० पॉईंट केले होते. हॉकीत गोल केला तरी एक पॉईंट आणि गोलसाठी पास दिला तरी एक. एका भांडणात हात मोडल्याने तो काही आठवडे बाहेर होता, नाहीतर हा आकडा अजून फुगला असता.

दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकेल. बोस्टन युनिव्हर्सिटीचा. ४० सामन्यांत ७१ पॉईंट आणि कॉलेज हॉकीतला सर्वोच्च मान असलेला होबी बेकर पुरस्कार, तोही पहिल्याच वर्षाला असताना.

वरवर पाहिलं तर १२० कुठे आणि ७१ कुठे. पण हे आकडे असे शेजारी ठेवून चालत नाही. आयकेलसमोर त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे बचावपटू होते आणि कॉलेज हॉकीत एकूणच गोल कमी होतात. म्हणून टीमचे निरीक्षक दोन्ही लीगच्या आकड्यांना वेगवेगळं वजन देतात.

पुढे काय झालं? मॅकडेव्हिड आज जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जातो. एनएचएलच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हार्ट पुरस्कार तीनदा मिळाला. पण २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याची टीम अंतिम फेरीत हरली. आयकेलने मात्र २०२३ मध्येच व्हेगासकडून स्टॅन्ली कप उचलला. दोन्ही रस्ते एकाच दारात पोहोचले.

अलीकडचे पहिल्या क्रमांकाचे खेळाडू बघा. २०२१ ला ओवेन पॉवर, मिशिगन युनिव्हर्सिटी. २०२२ ला युराय स्लाफ्कोव्स्की, युरोपातून. २०२३ ला कॉनर बेडार्ड, वेस्टर्न लीग. २०२४ ला मॅकलिन सेलेब्रिनी, बोस्टन युनिव्हर्सिटी. २०२५ ला मॅथ्यू शेफर, ऑन्टारिओ लीग. पाच वर्षांत दोन कॉलेजचे, दोन ज्युनियरचे, एक युरोपचा. कुणाचीच मक्तेदारी नाही. आणि ऑस्टन मॅथ्यूजसारखे काही जण तर दोन्ही रस्ते सोडून स्वित्झर्लंडमधल्या व्यावसायिक लीगमध्ये वर्षभर खेळून आले आणि २०१६ ला पहिले निवडले गेले.

उशिरा उमलणाऱ्यांचं काय?

स्टार पोरगा कुठेही स्टारच होतो. खरा फरक पडतो तो मधल्या फळीतल्या मुलांना. सोळाव्या वर्षी बुटका असलेला, अंगाने किरकोळ, निरीक्षकांच्या यादीत नाव नसलेला पोरगा. त्याला वेळ हवा असतो. ज्युनियरचं घड्याळ विसाव्या वर्षी थांबतं, कॉलेजचं चोविसाव्या वर्षापर्यंत चालतं.

मार्टिन सेंट लुईस छोट्या चणीचा होता. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. व्हरमाँट युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळला. २००४ मध्ये त्याच माणसाने हार्ट पुरस्कार आणि स्टॅन्ली कप दोन्ही मिळवले.

गोलरक्षक कॉनर हेलबक १३० व्या क्रमांकावर निवडला गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं खेळला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना पुरस्कार त्याला तीनदा मिळाला आणि २०२५ मध्ये हार्टसुद्धा.

केल मकार तर कॅनडाचाच. पण अल्बर्टाच्या दुय्यम ज्युनियर लीगमधून तो मॅसॅच्युसेट्सला कॉलेजात गेला. २०१९ मध्ये कॉलेजचा अंतिम सामना हरला आणि काही दिवसांतच एनएचएलच्या बाद फेरीत उतरून पदार्पणातच गोल केला. आज सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्याचं नाव पहिलं निघतं.

अर्थात ज्युनियरमधूनही ड्राफ्टमध्ये न निवडलेले वर आलेत. जॉनथन मार्शेसो क्युबेक लीगमधला, त्यालाही कुणी निवडलं नव्हतं. २०२३ च्या बाद फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच होता.

कॉलेजच्या खेळाडूला अजून एक ताकद मिळत आली. आतापर्यंतच्या नियमांनुसार ज्युनियरमधून निवडलेल्या पोराशी टीमला दोन वर्षांत करार करावा लागायचा. कॉलेजवाल्याचे हक्क चार वर्षं टीमकडे राहायचे. पण पोराने पदवी पूर्ण होईपर्यंत सही केली नाही तर तो मोकळा. २०१६ मध्ये हार्वर्डचा जिमी व्हेसी असाच मोकळा होऊन स्वतःच्या आवडीच्या न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला.

आपली नावं कुठे आहेत?

भारतीय वंशाचे खेळाडूही या वाटांवरून गेलेत. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू रॉबिन बावा वेस्टर्न लीगमधून आला आणि १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला. मॅनी मल्होत्रा ऑन्टारिओ लीगमधून, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर.

अर्शदीप बैन्स ब्रिटिश कोलंबियातल्या सरे शहराचा. ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, तरी ज्युनियरमध्ये टिकून राहिला. २०२१-२२ मध्ये ११२ पॉईंट करून अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला आणि व्हँकुव्हरने त्याला घेतलं. त्याच सरेचा जुझार खैरा तर दोन्ही रस्त्यांवर चाललाय. आधी मिशिगन टेक युनिव्हर्सिटीत एक वर्ष, मग वेस्टर्न लीगमध्ये एक वर्ष, मग एनएचएल. कॉलेजातून ज्युनियरला जाता यायचं. उलटं जाता येत नव्हतं.

पैसा आणि पदवी

आता आईवडिलांचा प्रश्न. एनएचएल नाही जमलं तर?

कारण बहुतेकांचं जमत नाही. दोन्ही रस्त्यांवरची बरीचशी पोरं एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. म्हणून पडल्यावर खाली जाळी आहे का, हे बघावं लागतं.

कॉलेजात जाळी उघड दिसते. खेळता खेळता पदवी. अनेक कॉलेज फी, राहणं, खाणं यासाठी शिष्यवृत्ती देतात. हार्वर्ड-येलसारखी कॉलेज मात्र खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, घरच्या उत्पन्नानुसार मदत करतात.

ज्युनियरवाल्यांचीही योजना आहे. साधारण जितके सीझन खेळलात तितक्या वर्षांची पुढच्या शिक्षणाची फी. अनेक माजी ज्युनियर खेळाडू याच पैशावर कॅनडातल्या युनिव्हर्सिटीत शिकले आणि तिथल्या टीमकडून खेळले. पण ही मदत ठराविक मुदतीत वापरावी लागते आणि मध्येच व्यावसायिक करार केला तर हातची जाऊ शकते. म्हणजे विशीतल्या पोराला विचारायचं, 'अजून एक वर्ष छोट्या लीगमध्ये नशीब आजमावतोस की कॉलेजची फी घेतोस?' अवघड असतं ते.

आणि भिंत पडली

ऑगस्ट २०२४ मध्ये दावा दाखल झाला. तोपर्यंत एनसीएएची 'आमचे सगळे हौशी' ही भूमिका तशीही खिळखिळी झाली होती. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली होती. काही फुटबॉल-बास्केटबॉलपटू लाखो डॉलर कमावत होते. तिथे लाखो डॉलर घेणारा हौशी आणि इथे बसभाड्यापुरते पैसे मिळणारा ज्युनियरचा पोरगा व्यावसायिक, हे कोर्टात सांगायचं कसं?

७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएच्या डिव्हिजन वन कौन्सिलने नियम बदलला. १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडू कॉलेजकडून खेळू शकतात. अट एकच, प्रत्यक्ष गरजेच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेतलेले नसावेत. एनएचएलशी करार केलेल्यांना मात्र अजूनही प्रवेश नाही.

मग जुलै २०२५ मध्ये सर्वात मोठी बातमी आली. गॅव्हिन मॅकेना, वय १७, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा. वेस्टर्न लीगच्या मेडिसिन हॅट टायगर्सकडून ५६ सामन्यांत १२९ पॉईंट आणि सीएचएलचा सर्वोत्तम खेळाडू. २०२६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा दावेदार म्हणून त्याचं नाव घेतलं जात होतं. त्याने ज्युनियर सोडून पेन स्टेट युनिव्हर्सिटी निवडली. मिळणारी रक्कम साधारण सात लाख डॉलर, म्हणजे सहा कोटी रुपयांच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या. पेन स्टेटची पुरुषांची टीम डिव्हिजन वनमध्ये आली तीच मुळात २०१२ मध्ये!

तो एकटा नव्हता. पोर्टर मार्टोन आणि केडन लिंडस्ट्रॉम मिशिगन स्टेटला गेले, कीटन व्हरहोफ नॉर्थ डकोटाला. आणि इथे तो मघाचा पेच आठवा. ज्युनियरसाठी मोठा आणि एनएचएलसाठी कच्चा असलेल्या पोराला जी मधली पायरी मिळत नव्हती, ती आता कॉलेजने दिली.

कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान?

फायदा सर्वात आधी १६ वर्षांच्या पोराचा. आता तो ज्युनियरला गेला तरी कॉलेजचं दार उघडं राहतं. सोळाव्या वर्षी कायमचा निर्णय घ्यायची सक्ती संपली. अमेरिकन पोरंही बिनधास्त सीएचएलकडे वळतायत, कारण गमावण्यासारखं काही राहिलं नाही.

सीएचएलचं दोन्हीकडून झालं. खालून जास्त गुणी पोरं मिळणार, पण वरून १८-१९ वर्षांचे स्टार निघून जाणार. मेडिसिन हॅटसारख्या छोट्या गावात लोक ज्याच्या नावाची जर्सी घालून सामन्याला येतात तोच पोरगा एक वर्ष आधी जातो, हे तिथल्या लोकांना लागतंच.

नुकसान कुणाचं? यूएसएचएल आणि कॅनडाच्या दुय्यम लीगचं. 'इथे खेळा, कॉलेजचा हक्क शाबूत ठेवा' हेच त्यांचं मोठं आकर्षण होतं. ते गेलं. कॅनडातल्या युनिव्हर्सिटींकडे येणारे माजी ज्युनियर खेळाडूही आता अमेरिकेकडे बघतात.

आणि सर्वात जास्त चटका बसतो तो उशिरा उमलणाऱ्याला. कॉलेजच्या टीममध्ये आता २६ जागांची मर्यादा लागू होतेय. त्या जागांसाठी सीएचएलमध्ये तीन-चार सीझन घासून आलेला तयार खेळाडू रांगेत असेल, तर प्रशिक्षक 'दोन वर्षांत चांगला होईल' अशा बुटक्या पोरावर वेळ का घालवेल? उद्याचा सेंट लुईस कदाचित याच रांगेत मागे राहील.

मुलींचा रस्ता मात्र एकच

या सगळ्या वादात मुली कुठे? मुलींसाठी सीएचएलसारखी लीगच नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी कॉलेज हाच मुख्य रस्ता राहिला. कॅनडाची मारी-फिलिप पुलँ बोस्टन युनिव्हर्सिटीत शिकली, अमेरिकेची हिलरी नाइट विस्कॉन्सिनला. जानेवारी २०२४ मध्ये पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिच्यातल्या बहुतेक खेळाडू कॉलेजमधूनच आल्या. म्हणजे फक्त कॉलेजच्या जोरावर जागतिक दर्जाचे खेळाडू घडू शकतात, याचा हा जिवंत पुरावा आहे.

तसं पुरुषांचंही एक जुनं उदाहरण आहेच. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये कॉलेजच्या पोरांच्या अमेरिकन टीमने बलाढ्य सोव्हिएत टीमला ४-३ ने हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स मिनेसोटा युनिव्हर्सिटीचे होते आणि टीममधली नऊ पोरंही तिथलीच.

मग चांगलं काय?

लवकर तयार झालेला, रोज सामना खेळायची भूक असलेला पोरगा असेल तर ज्युनियर. शरीर भरायला वेळ हवा असेल, पदवी हवी असेल, तर कॉलेज. आणि आता तिसरं उत्तरही आलंय : आधी ज्युनियर, मग कॉलेज.

एनएचएलला आजही सर्वाधिक खेळाडू सीएचएल पुरवते. कॉलेजचा वाटा वाढत वाढत साधारण एक तृतीयांशावर आला आहे. पुढच्या काही वर्षांत हे आकडे वेगळे मोजताच येणार नाहीत, कारण एकाच पोराच्या नावापुढे दोन्हीकडची नोंद असेल.

ज्या मुलापासून आपण सुरुवात केली, त्याच्या बाबतीत तो उत्तम खेळाडू होता का, हा प्रश्नच नव्हता. सोळाव्या वर्षी दोन मैत्रीपूर्ण सामने खेळलेल्या पोराला पुढे शिकता-खेळता यावं का, इतकाच प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळायला आइस हॉकीला अनेक दशकं लागली.